१९८६ : कॉमिक्सच्या जगात त्या एका वर्षात एवढं काय घडलं?

मिरजेचा वाचक

नमस्कार मंडळी,

माझी लेक पुण्यात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला तिनं विषय घेतलाय १९८६ सालची कॉमिक्स. मागच्या शनिवारी घरी आली, सॅकमधून तीन जाड पुस्तकं काढून दिवाणावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं एकाच वर्षातलं. तुम्ही तेव्हा कॉमिक्स वाचायचात ना? मग यातलं काहीच कसं माहीत नाही?"

खरंच माहीत नाही. १९८६ साली मी आठ वर्षांचा, तिसरीत होतो. वडील एसटीत कंडक्टर, मिरज-कोल्हापूर गाडीवर. महिन्यातून एकदा-दोनदा ड्यूटी संपवून येताना स्टँडवरच्या स्टॉलवरून मराठी इंद्रजालचा अंक आणायचे. चुरगळू नये म्हणून खाकी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवायचे. माझ्या हातात पडायचा तेव्हा अंक कोमट असायचा. वेताळ, मँड्रेक, बहादूर. कॉमिक्सची माझी दुनिया तेवढीच, आणि ती मला पुरायची.

लेकीनं आणलेली पुस्तकं म्हणजे 'वॉचमेन', 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि 'माउस'. मी 'वॉचमेन'पासून सुरुवात केली. तिसऱ्या प्रकरणापर्यंत नेटानं गेलो. तिथं पेपरच्या स्टॉलला लागून एक पोरगा बसलाय, विकत न घेता समुद्री चाच्यांचं कॉमिक वाचतोय. हळूहळू त्या कॉमिकमधली वाक्यं आणि बाहेरच्या रस्त्यावरचं बोलणं एकमेकांत मिसळायला लागलं. पोरगा फार ओळखीचा वाटला, पण गोष्ट हातातून सुटली. दोनदा मागे जाऊन वाचलं, मग पुस्तक मिटलं.

तुमच्यापैकी कुणी हे सगळं नीट वाचलं असेल तर सांगा. त्याच वर्षी असं काय झालं, आणि त्याच वर्षी का? माझ्यासारख्यानं कुठल्या क्रमानं वाचावं? आपल्याकडे तेव्हा काही घडत होतं का? पोरीशी या विषयावर चार वाक्यं धड बोलता यावीत एवढीच इच्छा आहे.

शाईवाला

मिरजकर, माझी बत्तीस वर्षं ऑफसेट छपाईत गेली, आधी कोल्हापुरात आणि आता पुण्यात. त्यामुळे मी कागदापासूनच सुरुवात करतो. त्याच वर्षी का, याचं उत्तर बरंचसं तिथंच आहे.

अमेरिकेत तोवर कॉमिक म्हणजे न्यूजप्रिंटवर छापलेला, मधे पिन मारलेला स्वस्त अंक. औषधाच्या दुकानात, पेपरच्या स्टॉलवर फिरत्या तारेच्या स्टँडला लावलेला असायचा. खपला नाही तर दुकानदार त्याचं मुखपृष्ठ फाडून परत पाठवायचा आणि पैसे वळते करून घ्यायचा. म्हणजे छापायचे भरमसाट आणि त्यातले ढीगभर रद्दीत. असल्या धंद्यात चांगला कागद कोण वापरणार? शिवाय १९५४पासून 'कॉमिक्स कोड' होता. अंकावर त्याचा शिक्का नसेल तर वितरक माल उचलायचे नाहीत. गुन्हेगार शेवटी हरलाच पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीश यांचा मान राहिलाच पाहिजे, असे त्याचे नियम.

१९७०च्या दशकात ब्रुकलिनमधल्या फिल स्यूलिंग नावाच्या शाळामास्तरानं प्रकाशकांशी वेगळा व्यवहार ठरवला. माल थेट कॉमिक्सच्या खास दुकानांत जाणार, सवलत जास्त मिळणार, पण परतीची सोय नाही. आपण छपाईवाले याला पक्की ऑर्डर म्हणतो. १९८६पर्यंत अशी दुकानं देशभर झाली होती. तिथं येणारं गिऱ्हाईक वयानं मोठं, खिशात पैसे असलेलं. त्या दुकानदारांना कोडच्या शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं. किती छापायचं हे आधी कळू लागलं की चांगला कागद परवडतो, जाहिराती काढून टाकता येतात, लेखकाला मोकळं सोडता येतं.

'डार्क नाइट' हे त्याचं पहिलं मोठं फळ. १९८६च्या पूर्वार्धात चार भागांत आलं. साधा अंक तेव्हा पाऊण डॉलरला मिळायचा, याचा एक भाग जवळजवळ तीन डॉलरला होता. पिन नाही, चौरस पाठीचं बाइंडिंग, जाड मुखपृष्ठ. १९९७च्या सुमारास मुंबईचा एक ग्राहक यातला सुटा भाग आमच्या प्रेसमध्ये घेऊन आला होता. "अशी पाठ बांधून द्याल का?" एवढ्या कमी पानांना परफेक्ट बाइंडिंग म्हणजे पाठ जेमतेम तीन मिलिमीटरची. गोंद जरा कमी पडला की पान हातात येतं. मी अंक उलटसुलट करून बघत होतो तो बाइंडिंगसाठी, आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की आपण वाचत बसलोय. मशीन थांबलं होतं. पोरं माझ्याकडे बघत होती.

'डार्क नाइट'चा लेखक-चित्रकार फ्रँक मिलर तेव्हा तिशीच्याही आत होता आणि त्यानं लिहिला पंचावन्न वर्षांचा बॅटमन. दहा वर्षं घरी बसलेला, अंग दुखणारा. पानाची मूळ आखणी सोळा चौकटींची, चार आडव्या चार उभ्या. बऱ्याच चौकटी टीव्हीच्या पडद्याच्या आकाराच्या, बातमीदार अखंड बडबडतायत. डोळा एकेक पायरी उतरावी तसा खाली येत जातो, श्वास कोंडतो. मग पान उलटलं की अख्ख्या पानभर एकच चित्र. बॅटमनच्या आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटते ती जागा लेकीबरोबर बसून बघा. संवाद नाही, नुसत्या बारक्या चौकटी. एका क्षणाचे किती तुकडे केलेत ते बोटानं मोजा. क्लाउस जॅन्सनची शाई आणि लिन व्हार्लीचे रंग. व्हार्लीबाईंचं नाव बरेच जण विसरतात. त्या पुस्तकातलं कोंदट, धुरकट आभाळ त्यांचं आहे.

आता 'वॉचमेन'. तुम्ही जिथं अडकलात तिथं पुष्कळ जण अडकतात. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, दोघंही इंग्लंडचे. इथली आखणी नऊ चौकटींची, तीन गुणिले तीन, आणि ती जवळपास शेवटपर्यंत सोडलेली नाही. माझ्यासारख्याला यातली शिस्त दिसते. फुग्यांतली अक्षरंही गिबन्सनं स्वतः हातानं लिहिली, त्यामुळे चित्र आणि अक्षर एकाच हाताचं वाटतं. प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ हीच त्या अंकाची पहिली चौकट. आणि पाचवा अंक! गोष्टीची पानं अठ्ठावीस. पहिलं पान आणि अठ्ठाविसावं पान आरशातल्यासारखं समोरासमोर, दुसरं सत्ताविसाव्याशी, असं करत मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू मिळतात. आम्ही फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं, लावताना पानांच्या जोड्या अशाच मोजतो, एक-अठ्ठावीस, दोन-सत्तावीस. गोष्टीची रचना कुणी फॉर्मच्या हिशेबानं केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बारा अंक एकत्र जोडलेल्या पुस्तकात हे चटकन कळत नाही, म्हणून पाचवं प्रकरण उघडून मधोमध पेन्सिलीनं खूण करा.

रंगांकडेही बघा. तेव्हाच्या कॉमिक्समध्ये तीन रंगांच्या पंचवीस, पन्नास, शंभर टक्के अशा ठरावीक छटा मिळायच्या, एकूण चौसष्ट रंग. सुपरहीरोंना सगळे लाल-निळा-पिवळा लावायचे. जॉन हिगिन्सनं जांभळा, तपकिरी, नारिंगी, शेवाळी असे मिश्र रंग पुढे आणले. त्यामुळे पान बघताक्षणी काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

चाच्यांच्या गोष्टीबद्दल. ज्या जगात मुखवटेवाले वीर खरोखर रस्त्यावर फिरतात, तिथल्या पोरांना त्यांची कॉमिक्स कशाला लागतील? म्हणून ती पोरं चाच्यांची वाचतात. इतकं साधं कारण आहे. मग ती आतली गोष्ट बाहेरच्या एका माणसाची गोष्ट सांगू लागते. कुणाची ते सांगत नाही, शेवटी कळेल. मूळ बारा अंक यायला वर्षाहून जास्त काळ लागला. वाचकाला एकेक अंक महिनाभर पुरवून वाचावा लागायचा. तुम्हीही रोज एकच प्रकरण वाचा, नंतरचे गद्य मजकूरसुद्धा गाळू नका.

क्रम म्हणाल तर आधी 'डार्क नाइट', मग 'वॉचमेन', 'माउस' शेवटी. बाकी त्या वर्षी सुपरमॅनची जुनी गोष्ट मूरनंच संपवली, कर्ट स्वॉनच्या चित्रांनी, आणि त्याच वर्षी जॉन बर्ननं सुपरमॅन पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मिलर-मॅझुकेली जोडीचा 'डेअरडेव्हिल'चा मोठा भागही तेव्हाचाच. हे सगळं नंतर बघितलंत तरी चालेल.

कोयनाकाठ

क्रम मी पूर्ण उलटा सांगेन. 'माउस' आधी वाचा, आणि तुमचे वडील असतील तर त्यांच्या जवळ बसून वाचा.

शाईवाल्यांचं उत्तर आवडलं. पण 'डार्क नाइट' आणि 'वॉचमेन' दोन्ही पुस्तकं सुपरहीरोंबद्दल आहेत. बॅटमन कोण हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला ती जास्त भिडतात. मला बॅटमन माहीतच नव्हता. 'माउस'ला बाप आणि मुलगा एवढंच ठाऊक असावं लागतं.

आर्ट स्पिगेलमन न्यूयॉर्कच्या रेगो पार्क भागात म्हाताऱ्या वडिलांकडे जातो. वडील व्लाडेक हे पोलंडचे ज्यू, नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीतून जिवंत सुटलेले. ते व्यायामाच्या सायकलवर बसून पायडल मारत बोलतात, मुलगा टिपून घेतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश लोक डुकरं. उंदराला पोलिश म्हणून वावरायचं असेल तर तो डुकराचा मुखवटा दोरीनं बांधतो, आणि ती दोरी चित्रात दिसते. ती दोरी पाहिल्यावर मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

तुम्ही वर्ष विचारलंत म्हणून सांगते. हे १९८० पासून 'रॉ' नावाच्या नियतकालिकात तुकड्यातुकड्यांनी येत होतं. स्पिगेलमन आणि त्यांच्या पत्नी फ्रान्स्वाज मूली मिळून ते काढायचे. 'रॉ'चा आकार मोठा, आणि 'माउस'चं प्रकरण छोट्या पुस्तिकेसारखं त्यात घातलेलं. गोष्ट अर्धीच झाली होती. पण उंदरांच्या ज्यू कुटुंबावरचा 'अ‍ॅन अमेरिकन टेल' हा चित्रपट १९८६च्या अखेरीस येणार होता. आपण त्यावरून उचललं असं लोकांना वाटू नये म्हणून स्पिगेलमनना पुस्तक त्याआधी हवं होतं. म्हणून पँथिऑन या प्रकाशकानं पहिली सहा प्रकरणं १९८६ साली काढली. दुसरा भाग १९९१ला आला आणि १९९२ला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्क टाइम्सनं दुसरा भाग खपाच्या यादीत कादंबऱ्यांत टाकला, तेव्हा स्पिगेलमननी पत्र लिहून हे कल्पित नाही असं सांगितलं आणि पेपरनं यादी बदलली.

शाईवाल्यांसाठी एक गोष्ट. यातली चित्रं छापायच्या आकारातच काढलेली आहेत. नेहमी चित्र मोठं काढून छपाईत लहान करतात, त्यानं रेघ घोटीव होते. इथं साधं फाउंटन पेन, खोडायला टाइपरायटरची पांढरी शाई. म्हणून ते हस्तलिखित डायरीसारखं दिसतं. कुणाची तरी खासगी वही हातात पडलीय असं वाटतं.

आता माझं. माझे वडील जावळीकडचे. कोयनेच्या धरणात गाव गेलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली, तिथंच आमचा जन्म. लहानपणापासून गावाच्या गोष्टी ऐकल्या, पण त्या नेहमी ठरलेल्या. देऊळ, जांभळाचं झाड, पाणी चढलं तो दिवस. २००९ साली मुंबईत एका वाचनालयात 'माउस' मिळालं. ते वाचून झाल्यावर मी वडिलांसमोर फोन ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. दोन्ही दुःखं एका तागडीत घालायचा माझा हेतू अजिबात नाही. मी शिकले ते एवढंच की सांगणारा माणूसही गोष्टीत यायला हवा. व्लाडेक बोलता बोलता गोळ्या मोजतो, पैशांवरून कटकट करतो, मुलाचा कोट जुना झाला म्हणून त्याला न विचारता फेकून देतो. मुलानं यातलं काही झाकलेलं नाही. माझे वडील बोलताना मधेच उठून मोटार बंद केली का बघायला जायचे. आधी मी तो भाग काढून टाकायचे. नंतर ठेवायला लागले. एकदा असेच उठून गेले, परत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "म्हैस न्यायची राहिली." पन्नास वर्षांत त्या म्हशीबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या भागाचा शेवट मी सांगायला नको, पण तुमच्या मुलीनं वाचलं असेलच. आईनं मुलासाठी लिहून ठेवलेल्या वह्या. वडिलांनी त्यांचं काय केलं ते कळतं तिथं पुस्तक संपतं. १९८६च्या वाचकाला पुढचा भाग पाच वर्षांनी मिळाला. पाच वर्षं तो त्या एका शब्दावर थांबलेला होता.

नागराजचा दोस्त

आपल्याकडे काय घडत होतं असं विचारलंत आणि अजून कुणी नागराजचं नाव घेतलं नाही! १९८६ हे राज कॉमिक्सचं वर्ष आहे. दिल्लीत राजकुमार गुप्तांनी सुरू केलेलं. नागराजची पहिली गोष्ट परशुराम शर्मांची आणि चित्रं प्रताप मुळीकांची. हो, आपले पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तकं काढली. पुढे नागराजचे पन्नासेक अंक त्यांच्याच हातचे. हिंदी पट्ट्यातली पोरं ज्या हिरव्या, खवल्यांच्या अंगाच्या नायकावर जीव टाकत होती तो एका मराठी चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरत होता. याचा मला आजही अभिमान वाटतो.

गोष्ट बघा. प्रोफेसर नागमणी त्याला दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून तयार करतो आणि बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात. माझी आजी श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचायची. मी तिला सांगितलं, गोरखनाथ माझ्या कॉमिकमध्ये पण आहेत. तिनं चष्मा लावून दोन पानं बघितली आणि त्यानंतर कॉमिकसाठी पैसे मागितले की द्यायची.

नाशिकला आमच्या गल्लीत एकजण कॉमिक्स भाड्यानं द्यायचा. दोरीला चिमट्यांनी टांगलेली असायची, रोजचे आठ आणे. राज कॉमिक्स हिंदीत, त्यामुळे माझं हिंदी शाळेत नाही, त्या दोरीखाली सुधारलं. मिरजकर, मुलीला सांगा की प्रबंधात एक प्रकरण मुळीकांवर हवंच. अमर चित्र कथेतली त्यांची रेघ आणि नागराजमधली रेघ शेजारी शेजारी ठेवा. पुराणातल्या वीराचे दंड आणि छाती त्यांनी नागराजला दिलीय. हात बघितला की लगेच ओळख पटते.

मिरजेचा वाचक

एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. मुळीकांचं ऐकून ती जवळपास ओरडलीच. पाचव्या प्रकरणात पेन्सिलीनं खूण केली, एक-अठ्ठावीसची जोडी लावून बघितली. शाईवाले, अंगावर काटा आला.

तिचा एक प्रश्न आहे. ही पात्रं, ही पानं, ही मूळ चित्रं कुणाच्या मालकीची? काढणाऱ्याच्या की छापणाऱ्याच्या? १९८६मध्ये यावरूनही वाद चालू होता असं तिला कुठंतरी दिसलं, पण पूर्ण उलगडा होत नाहीये.

चित्रवही

हा वाद त्या वर्षाच्या मधोमध होता, आणि मी स्वतः मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरते म्हणून मला तो जवळचा आहे.

जॅक कर्बी. १९६०च्या दशकात फँटास्टिक फोर, हल्क, एक्स-मेन ज्यांनी स्टॅन ली यांच्याबरोबर उभे केले ते. त्यांनी काढलेली मूळ पानं मार्व्हल या प्रकाशन कंपनीच्या ताब्यात होती. ऐंशीच्या दशकात मार्व्हलनं चित्रकारांना मूळ पानं परत द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांना एक पानी कागदावर सही करायची होती. कर्बींसमोर मात्र चार पानी कागद ठेवला गेला, खास त्यांच्यासाठी केलेल्या अटींचा. त्यांनी सही केली नाही. १९८६मध्ये कितीतरी चित्रकार आणि लेखक सह्या करून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९८७मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पानं मिळाली. काढलेली होती दहा हजारांच्या वर. सत्तरीला आलेल्या माणसानं स्वतःच्या हातची पानं मिळवण्यासाठी भांडायचं, हे वाचताना माझा घसा दाटून येतो.

'वॉचमेन'चं प्रकरण वेगळं आहे. मूर यांनी आधी, 'वॉचमेन' छापणाऱ्या डीसी कंपनीनं चार्ल्टन या कंपनीकडून विकत घेतलेल्या जुन्या पात्रांवर गोष्ट बेतली होती. संपादक डिक जिओर्डानो म्हणाले, या गोष्टीनंतर ही पात्रं आम्हाला वापरता येणार नाहीत, तुम्ही नवी घडवा. नवी घडवली, म्हणून ते पुस्तक आज आहे तसं झालं. करारात असं होतं की पुस्तक छापणं बंद झालं की हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे येतील. तेव्हा कॉमिक्सची एकत्रित पुस्तकं वर्षानुवर्षं छापत राहायची रीत नव्हती, त्यामुळे अट चांगली वाटली. पण १९८७ला एकत्रित पुस्तक निघालं आणि त्याची छपाई कधी थांबलीच नाही. लोकांना इतकं आवडलं म्हणून हक्क परत आले नाहीत. मूर पुढे डीसीपासून दूर झाले, आणि २००९च्या चित्रपटावर त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही.

माझीही चोवीस मूळ चित्रं एका प्रकाशकाकडे गेली आहेत. पुस्तक निघाल्यावर मागितली तर गोदामात पाणी शिरलं असं उत्तर मिळालं. जलरंगातली होती, दोन पावसाळे बसून काढलेली. माझ्या करारात मूळ चित्रांबद्दल एक ओळही नव्हती, कारण ती असावी लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या मुलीला आत्ताच सांगा. काम सुरू करण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं, की मूळ चित्र माझं, छापून झालं की अमुक दिवसांत परत. आणि प्रत्येक पानाचा चांगला स्कॅन स्वतःकडे ठेवायचा.

मिरजेचा वाचक

चित्रवही, तुमचा प्रतिसाद लेकीनं वहीत उतरवून घेतलाय. तुमच्या चित्रांबद्दल वाचून दोघांनाही फार वाईट वाटलं.

क्रम शेवटी कोयनाकाठ म्हणाल्या तोच धरला. 'माउस' चार रात्रींत वाचून झालं. वडील आता एकोणऐंशीचे आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी पान उघडून चित्र दाखवायचो आणि मराठीत सांगायचो. उंदीर-मांजर बघून आधी म्हणाले, हे पोरांचं दिसतंय. दुसऱ्या रात्री मी उशिरा आलो तर स्वतःच पुस्तक काढून बसले होते. त्या डुकराच्या मुखवट्याच्या दोरीवर बोट ठेवून म्हणाले, "हा धरला जाणार." पुढचं पान त्यांनी बघितलेलं नव्हतं.

मग मी विचारलं, दादा, तुम्ही मला इंद्रजाल आणायचात, ते कुठले अंक काही आठवतात का? म्हणाले, सगळे आठवतात. मला पटेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, "तुझ्याआधी मीच वाचायचो की. हातकणंगल्याला गाडी दहा मिनिटं थांबायची. ड्रायव्हर चहाला जायचा, मी मागच्या सीटवर बसून वाचायचो. घरी येऊन म्हणायचो, बघ, तुझ्यासाठी आणलंय." चाळीस वर्षं मला वाटत होतं की ते अंक शर्टात ठेवतात ते फक्त चुरगळू नयेत म्हणून. म्हणाले, "डेपोत साहेबानं बघितलं असतं तर म्हणाला असता, कंडक्टर पोरांची पुस्तकं वाचतो."

लेक रविवारी आली होती. तिनं आजोबांना समोर बसवून एक पान काढलं, नऊ चौकटींचं. थांबलेली एसटी, रिकाम्या सीटा, मागच्या बाकावर टोपी काढून बसलेला कंडक्टर, आणि शेवटच्या चौकटीत खाकी शर्टाची बटणं लावणारा हात. आजोबांनी चष्मा पुसून बघितलं आणि तिकिटाची पेटी डाव्या खांद्यावर हवी होती म्हणाले. ती चौकट पुन्हा काढतेय.

आता एक विनंती. तिला त्या वेळची आपल्याकडची छपाई प्रत्यक्ष बघायची आहे. मराठी इंद्रजालचे १९८६ सालचे अंक कुणाकडे असले तर कळवा. पुणे, सांगली, कोल्हापूर, कुठंही चालेल. विकत नकोत आणि घरी नेणारही नाही. दादांना घेऊन येईन, तिथंच बसून बघू.